खारेपाटावरचे विश्वकिरण

पेणला न्यूट्रॉन मॉनिटर नाही, रोह्यालाही नाही. तरीही अवकाशातून येणारे विश्वकिरण जमिनीवर बसून मोजणारं हे यंत्र कसं चालतं ते समजून घ्यायला अलिबाग-पेण-नागोठणे-रोहे ही वाट मला फार उपयोगी पडली. या यंत्राला ज्या ज्या गोष्टींचा हिशेब ठेवावा लागतो, त्या सगळ्या या रस्त्याच्या आजूबाजूला पसरलेल्या आहेत. मी गेलो ते जानेवारीत. भात घरात आलेलं होतं आणि शेतात वाल उभा होता.

विश्वकिरण हे नाव जुनं आहे. प्रत्यक्षात ते कण आहेत, बहुतेक प्रोटॉन, काही हेलियमची आणि त्याहून जड अणूंची केंद्रकं. १९१२ साली व्हिक्टर हेस बलूनमधून पाच किलोमीटरपेक्षा वर गेला आणि जसजसं वर जावं तसतसं हे प्रारण वाढतं, हे त्याने दाखवलं. म्हणजे ते वरून येतं. हा प्रोटॉन हवेतल्या नायट्रोजनच्या किंवा ऑक्सिजनच्या केंद्रकावर आदळला की त्यातून नवे कण निघतात, ते पुढे आदळतात आणि कणांची सर खाली येते. होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये या सरीतल्या इलेक्ट्रॉनांचं गणित मांडलं. समुद्रसपाटीला पोचतात ते मुख्यतः म्युऑन, दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक. पसरलेल्या तळहातातून मिनिटाला शंभराच्या आसपास म्युऑन आरपार जातात आणि आपल्याला काहीच कळत नाही. त्याच सरीत न्यूट्रॉनही असतात, संख्येने कमी. पण मोजणाऱ्यांना ते जास्त प्रिय, कारण वरून आलेल्या मूळ कणांमधले त्यातल्या त्यात कमी ऊर्जेचे कण कसे घटतात-वाढतात, ते न्यूट्रॉनच सांगतात.

अलिबागला किनाऱ्याजवळ चुंबकीय वेधशाळा आहे. तिच्यापासूनच सुरुवात केली. मुंबईत कुलाब्याला १८२६ मध्ये वेधशाळा उभी राहिली आणि १८४१ पासून आर्थर ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली चुंबकीय नोंदी नियमित होऊ लागल्या. त्या काळात तिथे मदतनीस म्हणून काम करणारा एक मराठी मुलगा पुढे मोठा गणिती झाला. ते केरो लक्ष्मण छत्रे, आपले केरूनाना, मूळचे अलिबागजवळच्या नागावचे. कुलाब्याच्या नोंदींत २ सप्टेंबर १८५९ या दिवसाची एक नोंद आहे. सूर्यावरच्या स्फोटानंतर जे प्रचंड चुंबकीय वादळ आलं, त्यात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक तिथे सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आला. या नोंदीचं जगाला महत्त्व कळलं ते २००३ मध्ये, ब्रूस त्सुरुतानी, गुरुबक्ष लाखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शोधनिबंधात मांडली तेव्हा. तारांच्या खडखडाटाच्या त्या काळात कुणीतरी तास-तास जागून आकडे लिहिले म्हणून दीडशे वर्षांनी ते उपयोगी पडले.

मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेने चुंबकसूच्या थरथरू लागल्या असत्या आणि साठ वर्षांची मालिका वाया गेली असती. कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी वेळीच पर्यायी जागा पाहिली आणि १९०४ मध्ये अलिबागला काम सुरू केलं. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे जुनी आणि नवी मालिका बिनचूक जोडता येईल. १९०७ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर विजेची ट्राम धावली, तोवर इकडची घडी बसली होती. वेधशाळेच्या बांधकामात लोखंड कटाक्षाने टाळलेलं आहे. ही दोन वर्षांची दुहेरी नोंद मला इमारतीपेक्षाही देखणी वाटते. जागा बदलताना आधीच्या माणसांचं काम तुटू द्यायचं नाही, याची इतकी काळजी आपल्याकडे क्वचित घेतली जाते. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि त्या संस्थेचं मुख्यालयही रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेलला आहे.

विश्वकिरणांचा इथे काय संबंध? विद्युतभारित कण चुंबकीय क्षेत्रातून जाताना वळतो. कमी ऊर्जेचा असेल तर इतका वळतो की परत अवकाशात फेकला जातो. ध्रुवांजवळ क्षेत्ररेषा जमिनीत उभ्या शिरतात, त्यामुळे तिथे कणाला त्यांच्या बरोबरीने खाली येता येतं. विषुववृत्ताकडे त्या आडव्या असतात आणि कणाला त्या ओलांडूनच यावं लागतं. अलिबागला चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला आहे, म्हणजे जवळजवळ सगळं क्षेत्रच आडवं. म्हणून कोकणावर सरळ वरून उतरायचं तर कणाकडे सुमारे १७ गिगाव्होल्टची कणखरता, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात न वळण्याची ताकद, हवी. फिनलंडमधल्या औलूच्या मॉनिटरसाठी हाच उंबरठा १ गिगाव्होल्टच्याही खाली आहे, स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखसाठी साडेचारच्या आसपास. जगात हा उंबरठा सर्वांत उंच आहे तो हिंदी महासागर आणि आग्नेय आशियाच्या पट्ट्यात, आणि रायगड त्या पट्ट्याच्या कडेला येतो. समुद्रसपाटीवर विषुववृत्ताजवळचा मॉनिटर ध्रुवाजवळच्या मॉनिटरच्या निम्म्याच्या आसपास मोजतो, त्याचं कारण हे.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. ओहोटी लागली होती आणि अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे माणसं चालत निघाली होती. इथे उभं राहून मला ज्या गोष्टीचं सर्वांत नवल वाटलं ती अशी : प्रोटॉन धनभारित असल्यामुळे चुंबकीय क्षेत्र त्यांना ठरावीक बाजूला वळवतं आणि त्यामुळे पश्चिमेकडून येणाऱ्या कणांसाठी उंबरठा कमी असतो, पूर्वेकडून येणाऱ्यांसाठी जास्त. कोकणावर विश्वकिरण समुद्राच्या बाजूने जास्त येतात, सह्याद्रीच्या बाजूने कमी. जमिनीवर हा फरक म्युऑनांमध्ये मोजता येतो. ब्रूनो रॉसीने १९३० मध्ये याचं भाकीत केलं होतं. १९३३ मध्ये मेक्सिकोत टॉमस जॉन्सन, तसंच लुईस अल्वारेझ आणि आर्थर कॉम्प्टन यांनी ते पडताळून पाहिलं आणि मूळ विश्वकिरण धनभारित असल्याचं त्यातूनच कळलं.

१९३३ हे साल या वाटेवर दुसऱ्या कारणाने प्रत्येकाला माहीत असतं. अलिबागहून पेणकडे येताना पोयनाडजवळ चरी लागतं. खोतांना अर्ध्याहून जास्त पीक देऊन उरलेल्यात वर्ष काढणाऱ्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथे संप पुकारला. जमीन कसायचीच नाही, असा संप. १९३३ पासून १९३९ पर्यंत तो चालला. लोकांनी जंगलातून लाकूडफाटा आणून विकला, खाडीत मासे पकडले, करवंदं विकली, पण नांगर धरला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. महाराष्ट्राच्या कूळकायद्याची मुळं या गावात आहेत.

ती जमीन पाहिली की संपाची किंमत कळते. वडखळ, पेण, अलिबाग यांच्या मधला हा सपाट प्रदेश म्हणजे खारेपाट. भरतीचं पाणी अडवायला मातीचे बांध घालून खाडीकडून मिळवलेली शेती. बांधाला उघाडी असते. पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं आणि भरतीला खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, हे तिचं काम. कधी उधाणाला बांधाला खांड पडते, आणि एकदा खारं पाणी शेतात शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं भाताला मुकावं लागतं. रस्त्याच्या कडेला असे नापीक झालेले तुकडे दिसतात, वर मिठाची पांढुरकी साय आणि कडेने तिवरं वाढलेली. माणूस आणि खारं पाणी यांच्यातली ही रस्सीखेच पिढ्यान् पिढ्या चालू आहे.

पेण हे गणपतींचं गाव, हे सांगायला नको. पेण शहर आणि हमरापूर, जोहे ही आसपासची गावं मिळून वर्षभर मूर्ती घडवतात. २०२३ मध्ये पेणच्या गणेशमूर्तींना भौगोलिक मानांकन मिळालं. जानेवारीत कारखान्यांत रंग नव्हता, नुसत्या कच्च्या मूर्ती रांगेत होत्या. एका कारखान्यात शाडूच्या मूर्ती नुकत्या साच्यातून काढून ठेवल्या होत्या. काळपट करड्या, स्पर्शाला गार. शेजारच्या फळीवर आठवड्यापूर्वीच्या होत्या, त्यांचा रंग फिकट पांढुरका झाला होता. कारागीर काकांनी त्यातली एक उचलून माझ्या हातात दिली आणि मग तेवढ्याच उंचीची ओली मूर्ती दिली. "वजनात केवढा फरक आहे बघा. पाणी पूर्ण गेल्याशिवाय रंग धरत नाही, आणि घाई केली तर तडा जातो." डोळ्यांची आखणी मात्र अजून चार-पाच महिने लांब होती. ती सगळ्यांना जमत नाही, ठरावीक हातांकडेच जाते.

ओल्या शाडूतलं पाणी काकांच्या हाताला वजनावरून कळतं. न्यूट्रॉनलाही ते कळतं, वेगळ्या रीतीने. कॅरममध्ये स्ट्रायकर पट्टीवर आपटला तर जवळजवळ त्याच वेगाने परत येतो, पण आपल्याच वजनाच्या सोंगटीवर नेमका बसला तर सगळा वेग तिला देऊन थांबतो. न्यूट्रॉनचं वजन हायड्रोजनच्या केंद्रकाइतकंच असतं. शिसं, लोह, सिलिकॉन यांच्यावर आदळून तो फारसा मंदावत नाही, हायड्रोजनवर आदळला की झपाट्याने मंदावतो. पाण्यात हायड्रोजन असतो, पॅराफिनमध्ये असतो, आणि प्लास्टिकमध्ये तर ठासून भरलेला असतो.

प्लास्टिक म्हटलं की पुढचा टप्पा नागोठणे. पेणहून दक्षिणेकडे जाताना अंबा नदीकाठी, रोहे तालुक्यात, १९९० च्या सुमारास सुरू झालेला पेट्रोकेमिकल प्रकल्प आहे. आधी तो इंडियन पेट्रोकेमिकल्सचा होता, आता रिलायन्सचा आहे. इथे नैसर्गिक वायूतून पॉलिएथिलीन बनतं. दुधाच्या पिशव्या आणि पाइप ज्याचे होतात, तेच पॉलिएथिलीन न्यूट्रॉन मॉनिटरचा निम्मा देह असतं.

हे यंत्र जॉन सिम्पसन यांनी शिकागो विद्यापीठात १९४८ मध्ये तयार केलं. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षासाठी त्याची जगभर जाळी उभी राहिली आणि १९६४ मध्ये ह्यू कार्मायकल यांनी सुधारलेला मोठा नमुना आणला, तोच आजही प्रमाण मानला जातो. त्याच्या पोटात दोन मीटरच्या आसपास लांबीच्या नळ्या असतात, त्यात बोरॉन ट्रायफ्लोराइड वायू. नळीभोवती पॉलिएथिलीनचं वेष्टण, त्याभोवती शिशाच्या जाड कड्या आणि सर्वांत बाहेर पुन्हा पॉलिएथिलीनची पेटी. वेगवान न्यूट्रॉन किंवा प्रोटॉन बाहेरच्या पेटीतून सहज आरपार येतो आणि शिशाच्या केंद्रकावर आदळतो. ते केंद्रक इतकं तापतं की त्यातून दहाच्या आसपास नवे न्यूट्रॉन निघतात. एका पाहुण्याचे दहा होतात, म्हणून मोजणी सोपी होते. हे नवे न्यूट्रॉन आतल्या पॉलिएथिलीनमध्ये मंदावतात, नळीतलं बोरॉन त्यांना गिळतं, त्यातून अल्फा कण आणि लिथियमचं केंद्रक सुटतं आणि विजेचा एक ठोका नोंदला जातो.

मग बाहेरची पेटी कशासाठी? ती दोन कामं करते. शिशात जन्मलेले न्यूट्रॉन बाहेर पळू लागले तर त्यांना आत परतवते. आणि आसपासची माती, झाडं, भिंती, बर्फ यांच्यातून भटकत आलेले मंद न्यूट्रॉन आत येऊ देत नाही. ही गोष्ट मला खारेपाटातल्या बांधाजवळ उभं राहून नीट पटली. पावसाळ्यात इथे गुडघाभर पाणी, जानेवारीत कोरडी ढेकळं. बाहेरच्या पेटीशिवाय मॉनिटर इथे ठेवला तर आकाशात काही बदल नसतानाही तो पावसाळा आणि उन्हाळा वेगवेगळा दाखवेल.

भारतात मॉनिटरचा एक वेगळा प्रयोग काश्मीरमध्ये झाला. गुलमर्गला २,७०० मीटरहून जास्त उंचीवर भाभा अणुसंशोधन केंद्राने शिसं नसलेला न्यूट्रॉन मॉनिटर चालवला. तिथे वादळात वीज कडाडली की काही वेळा न्यूट्रॉनचा झोत नोंदला गेला. जी. एन. शाह आणि सहकाऱ्यांनी ते १९८५ मध्ये 'नेचर'मध्ये छापलं आणि विजेच्या लोळातून न्यूट्रॉन निघतात का या वादाला तिथून धार आली.

रोह्याला उतरलो. चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, त्यांचं घराणं इथलं. धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांची मानवंदना दिली जाते, ती प्रथाही इथली. कोकण रेल्वे सुरू होते तीही इथूनच. पण रोह्याची खरी धनीण कुंडलिका. कोकणातल्या नद्या शिमग्यानंतर खडकांवर येतात, कुंडलिका मात्र भर उन्हाळ्यात वाहते. त्याचं कारण घाटापलीकडे आहे. मुळशी धरणाचं पाणी टाटांच्या भिऱ्याच्या वीजकेंद्रातून १९२७ पासून खाली येतं आणि कुंडलिकेत सोडलं जातं. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापट लढले, बंगालच्या उपसागराकडे जाणारं ज्याचं पाणी पश्चिमेला वळवलं गेलं, तेच कोलाड-रोह्याची नदी बारमाही ठेवतं. ती वीज मुंबईला गेली. मुंबईच्या विजेने चुंबकसूच्या रायगडात पाठवल्या आणि मुंबईला लागणारी वीज याच जिल्ह्यातल्या भिऱ्याने पुरवली. नदीकाठी धाटावचे रासायनिक कारखाने आहेत, त्यांचा वास वाऱ्याबरोबर गावात येतो. एवढ्या कष्टाने आणलेल्या पाण्याची त्यांच्यापुढे होणारी हेळसांड बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी पिंगळसईवरून अवचितगड चढलो. किल्ला जेमतेम हजार फुटांचा, पण वाट दाट झाडीतली. वर दगडी तलाव आणि खाली कुंडलिकेचं वळण. न्यूट्रॉनच्या हिशेबाने मात्र हजार फूट थोडे नाहीत. न्यूट्रॉनला खरा अडथळा डोक्यावरच्या हवेचा. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने चढला की मॉनिटरची मोजणी साधारण ०.७ टक्क्याने उतरते. अवचितगडावर पायथ्यापेक्षा दाब तीसेक हेक्टोपास्कलने कमी, म्हणजे गडावर गावापेक्षा सुमारे पाव हिश्शाने जास्त न्यूट्रॉन. आषाढात अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला तरी मोजणी काही टक्क्यांनी वर चढेल. म्हणून प्रत्येक मॉनिटरजवळ नाजूक दाबमापक असतोच आणि दाबाची दुरुस्ती केल्याशिवाय आकडा कुणी वाचत नाही.

ती दुरुस्ती झाली की उरतो तो सूर्याचा हात. सौरडाग वाढले की सूर्याकडून वाहणारं चुंबकीय क्षेत्र विश्वकिरणांना अडवतं आणि अकरा वर्षांच्या चक्रात मोजणी खालीवर होते. सूर्याने मोठा ढग फेकला तर ती काही तासांत घसरते आणि सावकाश भरून येते. स्कॉट फोरबुश यांनी १९३७ मध्ये ही घसरण ओळखली. कोकणासारख्या उंच उंबरठ्याच्या जागी ही घसरण ध्रुवाजवळच्यापेक्षा बरीच लहान दिसते. थायलंडमध्ये दोई इन्थानॉन पर्वतावरचा मॉनिटर अशाच उंच उंबरठ्याचा, सुमारे १६.८ गिगाव्होल्टचा. आपल्याकडे उटीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा 'ग्रेप्स-३' हा प्रयोग म्युऑन मोजतो. २२ जून २०१५ च्या चुंबकीय वादळात तिथे सुमारे दोन तास म्युऑन एकदम वाढले. त्या दोन तासांत चुंबकीय कवच थोडं दुबळं झालं आणि एरवी परत जाणारे कण आत आले, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी काढला.

गडावरून उतरताना पायथ्याच्या वालाच्या शेतात एक शेतकरी भेटले. वालाला इथे पाणी देत नाहीत. भात काढल्यावर जमिनीत जी ओल राहते तिच्यावरच पीक येतं. ओल आहे की नाही कसं बघता, असं विचारल्यावर त्यांनी बोटभर खोल माती उकरली, मुठीत दाबली आणि तळहात उघडला. गोळा टिकला. "अजून पंधरा दिवस काळजी नाही," म्हणाले. मी त्यांना पुण्यातल्या यंत्राबद्दल सांगितलं. मारेक झ्रेडा यांनी २००८ मध्ये सुचवलेली ही रीत पाषाणच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेच्या आवारात वापरली जाते. नळी जमिनीच्या वर उभी करायची आणि मातीतून परत उसळलेले न्यूट्रॉन मोजायचे. ओल जास्त तर मंदावणारे जास्त, म्हणून मोजणी कमी. माती कोरडी तर मोजणी चढते. एका नळीतून दीड-दोनशे मीटरच्या वर्तुळातली, हातभर खोलीची सरासरी ओल कळते. मॉनिटर ज्या न्यूट्रॉनांना दाराबाहेर ठेवतो, त्यांनाच हे यंत्र आत घेतं.

त्यांनी लगेच विचारलं, "आणि पावसात, शेत भरलेलं असताना?" तेव्हा ते यंत्र काही सांगू शकत नाही, मोजणी तळाला जाऊन बसते. त्याचा खरा उपयोग कार्तिक ते फाल्गुन, म्हणजे वालाच्याच हंगामात. पण तेव्हाही एक अडचण राहते. मोजणी घटली ती ओल वाढली म्हणून की सूर्यावर वादळ झालं म्हणून, हे त्या नळीला एकटीला कळत नाही. त्यासाठी दूरच्या एखाद्या न्यूट्रॉन मॉनिटरचा आकडा शेजारी ठेवावा लागतो आणि जगात बहुतेक जण त्यासाठी युंगफ्राउयोखचा, आल्प्समधल्या साडेतीन हजार मीटर उंचीवरचा मॉनिटर वापरतात. त्याचा उंबरठा साडेचार, इथला सतरा. तिथली घट-वाढ इथे जशीच्या तशी लावता येत नाही, ती कमी करून घ्यावी लागते आणि त्या आकडेमोडीत चूक राहण्याची शक्यता असते. खारेपाटात ही यंत्रं कधी बसवायची झाली तर आपल्याच उंबरठ्याचा, सह्याद्रीच्या एखाद्या माथ्यावरचा मॉनिटर हवा, असं मला वाटतं. चुंबकीय क्षेत्राचे शंभराहून जास्त वर्षांचे आकडे अलिबागला तयार आहेतच.